‘बाई, कुठला रंग देऊ?’ : ऐरोलीतल्या तिसरीच्या वर्गाचं एक प्रकरण

हे प्रकरण मी आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा चर्चा एकाच जागी येऊन थांबली : “अगं बाई, फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी असतं हे आम्हालाही माहीत नव्हतं!” पक्ष्याबद्दलची ती माहिती खरी आहे, पण माझा प्रश्न पक्ष्याचा नव्हता. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते आहे. ज्या उपायांनी काहीच साधलं नाही, तेही यात आहेत. मुलगी लहान आहे, तिचं नाव देत नाही.

वर्ग

ऐरोलीतली मराठी माध्यमाची शाळा, इयत्ता तिसरी, पटावर अडतीस मुलं. बरीचशी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आईवडिलांची, काही घाटावरून आलेल्या माथाडी कुटुंबांतली, आणि सात-आठ दिवा गावातली, म्हणजे मूळची इथली, आगरी-कोळी घरांतली. चित्रकलेला आठवड्यात एक जोडतास, सत्तर मिनिटं. प्राथमिकला चित्रकलेची वेगळी बाई असणं हे आमच्या मुलांचं नशीबच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलेसाठी अंशकालीन शिक्षक आहे तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीचा हा तास वर्गशिक्षकच सांभाळतात, आणि गणिताचा धडा मागे राहिला की आधी त्याच तासावर गदा येते. माझं ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झालेलं आहे आणि खालचे वर्ग मी मागून घेतले आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलाचं चित्र मला मोठ्यांच्या चित्रापेक्षा जास्त शिकवतं, असं मी तेव्हाही मानत होते. तरी पुढचं घडलं.

तो तास

नोव्हेंबर संपत आला होता. खाडीत रोहित पक्षी उतरायला लागले होते. रोहित हे मराठी नाव, अग्निपंख असंही म्हणतात, पण आमच्या पोरांच्या तोंडी फ्लेमिंगोच. शाळेपासून खाडी चालत पंधरा-वीस मिनिटांवर. ऐरोली पूल ते वाशी पूल हा खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. मी विषय दिला, ‘आपल्या खाडीतले पाहुणे’.

विषय चांगला होता. मात्र तो देताना मी फळ्यावर एक फ्लेमिंगो काढूनही दाखवला. वळणदार मान, एक पाय दुमडलेला, खाली दोन लाटा, आणि गुलाबी खडूने भरून काढलेला. नवी मुंबईत राहणाऱ्याच्या डोळ्यांत हा पक्षी पक्का बसलेला असतो. उड्डाणपुलांच्या खांबांवर, कुंपणाच्या भिंतींवर, चौकातल्या पुतळ्यांत, सगळीकडे तो असाच आहे.

इथे थोडं थांबते. दोन डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचं झाड, हे निसर्गचित्र आपण सगळ्यांनी काढलेलं आहे. ऐरोलीत सूर्य खरोखरच डोंगरामागून उगवतो, पारसिकच्या. पण त्या डोंगराला दोन त्रिकोण नाहीत. त्याची लांबच लांब पाठ आहे आणि खाणींनी खाल्लेल्या कडा आहेत. वर्गात बसून खिडकीतून तो दिसतो, तरी मुलं वहीत त्रिकोण काढतात. वर्षानुवर्षं मी त्या त्रिकोणांशी भांडत आले आणि त्या दिवशी माझ्याच हाताने फळ्यावर दुसरा त्रिकोण काढून ठेवला, गुलाबी रंगाचा.

सदतीस मुलांनी गुलाबी पक्षी काढले. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा पक्षी राखाडी होता. दिवा गावातली मुलगी, वडील खाडीत होडी घालतात, आई मार्केटात मासळी विकते. तिच्या बारा खडूंच्या पेटीत राखाडी नव्हता. म्हणून तिने पेन्सिलीचं टोक कागदाच्या कोपऱ्यावर घासून भुकटी केली होती, ती बोटाने उचलून पक्ष्याच्या अंगावर फिरवली होती. पाठीवर दाट, पोटाकडे फिकट. चोचीचा रंगही तसाच मळकट. पायांखाली लाटा नव्हत्या, चिखल होता, आणि चिखलात पावलांचे ठसे.

हे सगळं आज त्या चित्राकडे बघून लिहिते आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं की कागद काळा झालाय, बोटं काळी झालीयेत आणि पक्ष्याचा रंग चुकलाय. मी म्हटलं, “अगं, हा फ्लेमिंगो की कावळा?” वर्ग हसला. मग मी तिच्या पेटीतला गुलाबी खडू उचलला आणि “हे बघ, असा” म्हणत तिच्या पक्ष्यावर फिरवला. शिसाच्या भुकटीवर तेली खडू धड बसत नाही. भुकटी खडूला चिकटली आणि पक्षी वांग्याच्या सालीसारखा जांभळट, मेणचट झाला. तिने काही म्हटलं नाही. मी पुढच्या बाकावर गेले.

तास संपताना पाच चित्रं फलकावर लावली. पाचही गुलाबी.

आजी

डिसेंबरमध्ये पालकसभा होती. तिची आई सकाळी बाजारात, म्हणून आजी आली. मी चित्रांची फाइल पुढे सरकवली. पानं उलटता उलटता आजी त्या चित्रावर थांबली आणि म्हणाली, “बाय, यो गुलाबी कुनी केला? पोरीनं तर घरी सांगलं, पिलू काढलं म्हून. पिलू कुठं गुलाबी असतं?”

मी म्हटलं, “मी केला, आजी.” आजीने मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला वाटलं, बाईंनी केलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. माझ्याजवळ ते कारण नव्हतं.

पुढच्या रविवारी भरतीची वेळ बघून मी सीवूड्सला गेले. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलात पांगलेले असतात. भरती चढली की चिखल बुडतो आणि थवे आतल्या पाणथळ जागांवर येतात, करावे-नेरुळकडच्या. तिथे काठावर उभं राहिलं तरी नीट दिसतात. दुर्बीण मागून नेली होती. पहिली गोष्ट कळली ती ही, की गुलाबी म्हणावेत असे पक्षी त्या थव्यात माझ्या समजुतीपेक्षा कमी होते. मोठा रोहित लांबून जवळजवळ पांढराच असतो, पंख उघडले की आतला लाल आणि काळा रंग चमकतो. छोटा रोहित जास्त गडद गुलाबी, त्याची चोच काळपट लाल. आणि मधूनमधून मळक्या राखाडी अंगाची पोरं. हा गुलाबी रंग जन्माचा नसतो. खाण्यातल्या शैवालात आणि बारीक जलचरांत कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात, ती अंगात मुरत जातात. पुरता रंग चढायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर पक्षी राखाडी. बरोबर तिने काढला होता तसा : पाठीवर दाट, पोटाकडे फिकट.

दुर्बीण खाली घेतली तेव्हा त्या गुलाबी खडूचा गुळगुळीतपणा बोटांना जाणवत होता.

माफी, आणि तिचा उलटा परिणाम

सोमवारी मी वर्गासमोर सांगितलं की मी चुकले. पिल्लं राखाडी असतात, हिने पाहिलं होतं, मी पाहिलं नव्हतं आणि तिचं चित्र मी बिघडवलं. मला वाटलं होतं, तिचा चेहरा खुलेल. तिने मान खाली घातली आणि बाकाखाली चप्पल काढ-घाल करत राहिली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला : “बाई, मग आमचे गुलाबी चुकले का?”

माझ्या दृष्टीने हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. तेव्हा मी घाईने “नाही नाही, तेही बरोबर” म्हणून सुटका करून घेतली. पुढच्या जोडतासाला विषय मोकळा दिला होता, कोणताही पक्षी. दहा-बारा मुलांनी राखाडी फ्लेमिंगो काढले. पेन्सिल घासून, बोटं काळी करून. एकीने तर चित्र दाखवताना सांगितलं, “बाई, मी पण पिल्लू काढलंय.” या बहुतेकांनी पिल्लू पाहिलेलं नव्हतं. बाईंना आता राखाडी आवडतो, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

म्हणजे मी चूक कबूल करून फक्त उत्तर बदललं होतं. आधी गुलाबी बरोबर होता, आता राखाडी. बरोबर काय ते ठरणार मात्र माझ्याच टेबलापाशी.

त्या तासाला मी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. “बाई, कुठला रंग देऊ?” “बाई, झाडाला हाच देऊ ना?” “बाई, आभाळ पूर्ण भरू?” सत्तर मिनिटं हेच. हे प्रश्न नवे नव्हते, मला ते वर्गाच्या गोंगाटाचा भाग वाटत आले होते. फरक एवढाच की आता त्यांत तिचाही आवाज होता. नोव्हेंबरपर्यंत ही मुलगी मला काही विचारायचीच नाही. आपल्यापाशी खडू नसलेला रंग स्वतः तयार करणारी मुलगी ती. आता ती रांगेत उभी राहून विचारत होती, “बाई, घराला कुठला देऊ?”

कलाशिक्षणात व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मांडलेले वाढीचे टप्पे आम्हाला शिकवले जातात. त्यात साधारण सात ते नऊ हे वय असं आहे की मूल स्वतःचं एक ठाम चिन्ह बांधतं : माणूस असा, झाड असं, अमक्या वस्तूला अमका रंग. ते चिन्ह त्याच्या स्वतःच्या अनुभवातून यावं आणि अनुभव वाढला की बदलावं. रंग भरायच्या तयार पुस्तकांना लोवेनफेल्ड यांचा कडवा विरोध होता तो यामुळेच. परीक्षेला हे मी पानभर लिहिलं होतं. वर्गात मात्र फळ्यावर स्वतःच रंगभरणाचं पान काढून ठेवलं.

वारली : जो उपाय फसला

जानेवारीत मी ठरवलं की रंगाचा प्रश्नच काढून टाकू. तपकिरी कागद, पांढरा रंग, बस्स. वारली चित्रकला आमच्या घरची आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, तोवर डहाणू-तलासरीचे पाडे ठाणे जिल्ह्यातच होते. मुलांना सांगितलं की लग्नघरात सुवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने, आणि बांबूची काडी टोकाला चावून कुंचला करतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल सांगितलं, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलांनी काड्या चावल्या, मजा आली. आणि मग अडतीसपैकी तीसेक कागदांवर तोच एक तारपा नाच आला, गोल फेर, मधे तारपा वाजवणारा, जो हॉटेलांच्या भिंतींवर आणि पिशव्यांवर असतो. ती उठून आली : “बाई, फेरात किती माणसं काढू?”

रंग काढून घेतला तर प्रश्न आकड्यावर गेला. वारलीचा यात काही दोष नाही. तिथल्या बाया जे जगतात ते लिहितात, आणि मी ते नमुना म्हणून आणलं.

त्यानंतर काही दिवस मी “तुला आवडेल तो रंग दे” असं उत्तर देऊन पाहिलं. हे उत्तर प्रशिक्षणांत फार लोकप्रिय आहे. माझा अनुभव असा, की एकदा ओरडा खाल्लेल्या मुलाला ते उत्तर वाटतच नाही. त्याला वाटतं बाई परीक्षा घेतायत किंवा रागावल्यात. ती तर नुसती उभी राहायची.

राखाडीचे तास

फेब्रुवारीत एका जोडतासाला मी भुकटीचे रंग नेले. काळा, पांढरा आणि तिसरा प्रत्येक गटाला वेगळा : कुणाला पिवळा, कुणाला निळा, कुणाला गेरू. काम एकच. चित्र काढायचं नाही, जेवढे होतील तेवढे राखाडी करायचे, प्रत्येकाचा ठिपका जुन्या वर्तमानपत्राच्या पट्टीवर लावायचा आणि त्याला नाव द्यायचं. अट अशी की हा राखाडी कुठे पाहिलाय ते नावात यायला हवं.

पहिली वीस मिनिटं नुसता गोंधळ. सगळ्यांचं मिळून काळं पाणी. मग एका गटात निळा जरा जास्त पडला आणि कुणीतरी ओरडलं, “हा पावसाच्या आधीचा!” तिथून सुरू झालं. पुलाखालचा राखाडी. चुलीतल्या राखेचा. आजोबांच्या मिशीचा. लोकलच्या फरशीचा. शाळेच्या पाटीचा, पुसल्यावरचा. मी फळ्यावर नावं लिहीत गेले, माझं काम तेवढंच.

तिच्या गटाला गेरू होता. तिने लागोपाठ चार ठिपके लावले आणि चारही चिखलाचे : वरचा वाळलेला, आतला ओला, निवटी बसते तो, आणि तिवरांच्या मुळांतला. शेजारच्या मुलाने विचारलं, “निवटी काय?” तिने हाताने करून दाखवलं, चिखलावर टुणटुण उडणारा मासा, डोळे डोक्यावर. तो म्हणाला, मासा पाण्याबाहेर कसा? ती म्हणाली, “असतो. ये आमच्याकडे, दाखवते.” त्या सत्तर मिनिटांत तिने मला एकदाही हाक मारली नाही.

इथे प्रकरण सुटलं असं मलाही वाटलं होतं. पुढच्याच आठवड्यात फुलदाणी समोर ठेवून चित्र काढायचं होतं, आणि ती पुन्हा रांगेत. “बाई, फुलाला कुठला देऊ?” फूल समोर होतं, तरी.

मी काय बदललं

फळ्यावर नमुना काढणं बंद केलं. हे अवघड गेलं, कारण चित्रकलेच्या बाईने फळ्यावर सुंदर काढावं ही मुलांची, मुख्याध्यापकांची आणि माझीही अपेक्षा. मुलाच्या कागदाला हात लावणं बंद केलं. खिशात कागदाच्या कोऱ्या चिठ्ठ्या ठेवते, काही दाखवायचंच असेल तर चिठ्ठीवर दाखवते आणि ती चिठ्ठी परत खिशात घालते.

“कुठला रंग देऊ?” याला आता मी उत्तर देत नाही, उलट विचारते : “तू कुठे पाहिलंस? ऊन होतं का सावली? जवळून की लांबून?” मूल क्षणभर वर बघतं, आठवतं, आणि बहुतेक वेळा न बोलता जागेवर जातं. पुढे एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेला, स्मरणचित्राचा पेपर असतो. त्यासाठी मुलं गाइडमधली माणसं पाठ करून जातात, छत्री धरलेला माणूस, टोपलीवाली बाई. तिसरीतच “कुठे पाहिलंस?” विचारलं, तर त्या पेपराच्या नावातलं स्मरण खरंच कामी येईल, असं मला वाटतं.

आणि नोंदवही. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करावी लागते. अडतीस मुलं गुणिले इतके वर्ग, म्हणून सगळे तयार वाक्यं वापरतात. मीही वापरत होते : ‘चित्रात योग्य रंग भरते.’ तिच्या नावापुढे पहिल्या सत्रात मी लिहिलं होतं, ‘योग्य रंग निवडण्यास मदतीची गरज.’ ते वाक्य खोडता येत नाही, सही-शिक्क्यात गेलंय. दुसऱ्या सत्रात लिहिलं : ‘चिखलाचे चार वेगळे रंग मिसळून तयार केले. पक्ष्याच्या पिल्लाचा रंग स्वतः पाहून ओळखते.’ अशी नोंद अडतीस जणांची जमत नाही, दर महिन्याला सहा-सात मुलांची जमते.

विरोध फारसा झाला नाही. एका वडिलांनी विचारलं की मुलगा मोबाइलवर बघून इतकं स्वच्छ काढतो आणि शाळेत असं मळकट का. मी त्यांना मुलाची राखाडीची पट्टी दाखवली आणि मुलालाच नावं वाचायला सांगितली. ते ऐकत राहिले. पटलं की नाही, कळलं नाही.

एप्रिल

ते वांगी रंगाचं चित्र मी तिच्याकडून मागून घेतलं, ते माझ्या खणात आहे. “पुन्हा काढतेस का पिल्लू?” असं एकदा विचारलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. तिने त्यानंतर फ्लेमिंगो काढलेला नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

वर्षाच्या शेवटच्या जोडतासाला विषय होता ‘माझ्या घरचं काम’. तिने आईचा मासळीचा गाळा काढला. फळी, फळीवर बर्फ, बर्फावर मासे, मागे आई. आणि सगळं निळसर. मासे निळे, बर्फ निळा, आईचा एक गालही निळा. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. मी चिठ्ठ्यांच्या खिशात हात घातला आणि विचारलं, “हे कुठे पाहिलंस?”

तिच्याआधी शेजारच्या मुलानेच सांगितलं, “बाई, वर ताडपत्री आहे ना, निळी. खाली सगळं तसंच दिसतं.”

ती काही बोलली नाही, रंगवत राहिली. थोड्या वेळाने उठून माझ्याकडे आली. ताडपत्रीला एक भोक आहे म्हणाली, त्यातून उन्हाचा एक गोल बरोबर आईच्या हातावर पडतो, आणि तो गोल हलतो. “बाई, तो कसा काढायचा?”

मला पटकन सांगता आलं नाही. मी खिशातली चिठ्ठी काढली, पेन्सिलीने तिला भोक पाडलं आणि आम्ही दोघी खिडकीपाशी गेलो.